आकडा ओळखायच्या खेळात नशिबावर कधी विसंबायचं आणि डोकं कधी लावायचं

‘एक ते शंभरमधला एक आकडा मनात धर, मी ओळखतो.’ दादाच्या या एका वाक्यावर माझ्या लहानपणच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मी हरले. माझी पद्धत ठरलेली होती: आधी माझी जन्मतारीख, मग सात, मग डोळ्यांसमोर येईल तो आकडा. कधी तिसऱ्या फटक्यात लागायचा, कधी वीस अंदाज झाले तरी हाती काही नाही. दादाला मात्र सातच्या वर अंदाज कधी लागलेच नाहीत. तो माझा चेहरा वाचतो असं मला खात्रीनं वाटायचं, म्हणून मी तोंडावर उशी धरून उत्तरं द्यायला लागले. तरी सातच.

शेवटी एका रात्री मी त्याचा प्रत्येक अंदाज वहीत उतरवला. दहा डावांनंतर पान बघितलं तर पहिला अंदाज दर वेळी ५० आणि दुसरा २५ किंवा ७५. चेहऱ्याचा काही संबंध नव्हता. त्या पानापासून या खेळांकडे बघण्याची माझी रीत बदलली. नव्यानं खेळणाऱ्याला मी जे अडखळत शिकले ते सरळ मिळावं म्हणून हे लिहिते आहे.

काय काय लागेल

- कागद आणि पेन. मनातल्या मनात सीमा लक्षात राहतात असं प्रत्येकाला वाटतं, पण चौथ्या अंदाजानंतर राहत नाहीत.
- कागदाची एक चिठ्ठी, ज्यावर समोरचा आपला आकडा लिहून घडी घालून ठेवेल. खेळ मध्यावर आला की मनातला आकडा बदलायचा मोह मोठ्यांनाही होतो.
- डावांची नोंद ठेवायला वही. तिचं काम शेवटी आहे.

१. आधी खेळाची जात ओळखा

अंदाज चुकल्यावर समोरून काही कळतं का, हा पहिला प्रश्न. ‘अजून वर’, ‘खाली’, ‘दोन अंक बरोबर आहेत’ असं काहीही कळत असेल तर डोकं लावायला जागा आहे. फक्त ‘चूक’ एवढंच कळत असेल, किंवा दर वेळी आकडा नव्यानं काढला जात असेल, तर तो निव्वळ नशिबाचा खेळ.

‘चूक’ किंवा ‘बरोबर’ एवढंच उत्तर असेल तर एक ते शंभरमधला आकडा सापडायला सरासरी ५०.५ अंदाज लागतात. एकच आकडा दोनदा विचारायचा नाही एवढं पथ्य पाळलं तर. तेही पाळलं नाही तर सरासरी १०० वर जाते. कुणी उलटीकडून सुरुवात करो, कुणी फक्त विषम आकडे आधी घेवो, यात तसूभरही फरक पडत नाही. हे एकदा मनावर ठसलं की पुढची बरीच दमछाक वाचते.

२. खेळण्याआधी नियम बोलून घ्या

हे कंटाळवाणं वाटतं, पण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. मी ६० म्हटलं आणि समोरचा ‘मोठा’ म्हणाला. आता मोठं काय? माझा अंदाज मोठा झाला की त्याचा आकडा माझ्यापेक्षा मोठा आहे? मी आणि माझी भाची एकदा अख्खा डाव या एका शब्दावर उलटसुलट खेळलो. ती ‘मोठा’ म्हणत होती माझ्या अंदाजाला, मी वर चढत होते, आणि शेवटी ९८ ला पोचल्यावर कळलं की तिच्या मनात १२ होता. तेव्हापासून आमच्यात फक्त ‘वर जा’ आणि ‘खाली ये’ हेच दोन शब्द चालतात.

आणखी तीन गोष्टी ठरवून टाका: १ आणि १०० धरायचे का, अंदाज किती मिळणार, आणि शेवटचा बरोबर अंदाज मोजायचा का. ‘सातात ओळखतो’ म्हणणारा आणि ‘सहातच ओळखतो’ म्हणणारा पुष्कळदा एकच गोष्ट सांगत असतात. एकानं शेवटचा अंदाज मोजलेला असतो, दुसऱ्यानं नाही.

३. निम्मे करत जा

हा सगळ्याचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू. कागदावर दोन रकाने आखा, ‘खालची सीमा’ आणि ‘वरची सीमा’. पहिल्या ओळीत १ आणि १०० लिहा. आता मधला आकडा विचारा. दोन्ही सीमांची बेरीज करा, निम्मी करा, अर्धा उरला तर सोडून द्या.

समजा चिठ्ठीवर ६७ आहे. डाव असा जाईल:

- ५० विचारला, ‘वर जा’. सीमा ५१ ते १००.
- ७५ विचारला, ‘खाली ये’. सीमा ५१ ते ७४.
- ६२, ‘वर जा’. ६३ ते ७४.
- ६८, ‘खाली ये’. ६३ ते ६७.
- ६५, ‘वर जा’. ६६ ते ६७.
- ६६, ‘वर जा’. उरला एकच, ६७.

सात अंदाज, आणि यापेक्षा जास्त कधीच लागणार नाहीत. कारण साधं आहे. शंभराचे निम्मे ५०, मग २५, १२, ६, ३, १. प्रत्येक उत्तर उरलेल्यातले अर्धे आकडे बाद करतं. म्हणूनच आकड्यांचा पल्ला वाढला तरी अंदाज फारसे वाढत नाहीत. एक ते हजारला १० अंदाज पुरतात आणि एक ते दहा लाखला २०. दादानं मला पहिल्यांदा दहा लाखांचा डाव लावायला सांगितला तेव्हा मी बिनधास्त पैज लावली होती. विसाव्या अंदाजाला त्यानं माझा सहा अंकी आकडा जसाच्या तसा म्हटला.

यातला सापळा सीमेचा आहे. ५० विचारला आणि ‘वर जा’ आलं तर नवी खालची सीमा ५१ लिहायची, ५० नाही. ५० तर बाद झाला. नवखे लोक ५० तसाच ठेवतात. संगणकावर हा खेळ पहिल्यांदा लिहिणारे तर हमखास ठेवतात, आणि त्याचा परिणाम शेवटी दिसतो: सीमा ९९ आणि १०० राहते, मधला आकडा ९९ येतो, उत्तर ‘वर जा’, खालची सीमा पुन्हा ९९, मधला पुन्हा ९९. खेळ तिथेच गोल गोल फिरत राहतो.

आता नशिबाचा वाटा किती ते बघू. या पद्धतीनं पहिल्या अंदाजात लागेल असा आकडा एकच आहे. दुसऱ्यात लागणारे २, तिसऱ्यात ४, चौथ्यात ८, पाचव्यात १६, सहाव्यात ३२ आणि उरलेले ३७ सातव्यात. सरासरी येते ५.८. म्हणजे कुणी दुसऱ्या अंदाजात आकडा पकडला तर ती हुशारी नव्हे, शंभरातल्या दोन आकड्यांपैकी एक त्याच्या वाट्याला आला एवढंच. आणि सातवा अंदाज लागला म्हणून कुणी कमी खेळलं असंही नाही.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली, आणि माझ्या मते नवख्यानं तीच आधी शिकावी. मधला आकडा न काढता, उरलेल्या सीमेच्या आतला कुठलाही आकडा अंदाजपंचे घेतला तरी सरासरी साधारण ७.५ अंदाज लागतात. ५०.५ वरून ७.५ वर येतो तो फक्त मिळालेलं उत्तर न विसरल्यामुळे. ७.५ वरून ५.८ वर यायला निम्मे करण्याचं गणित लागतं. म्हणजे मोठी झेप गणिताची नाहीच, ऐकण्याची आहे. लहान मुलांना शिकवताना मी आधी महिनाभर फक्त सीमा लिहायला लावते. मध्य काढणं त्यांना पुढे आपोआप सुचतं.

४. अंदाज कमी मिळत असतील तर

कित्येक खेळांत पाचच अंदाज मिळतात. पाच अंदाजांत, कितीही डोकं लावलं तरी, शंभरातले जास्तीत जास्त ३१ आकडे तुमच्या आवाक्यात येतात (१, २, ४, ८, १६ यांची बेरीज). सहा मिळाले तर ६३. याच्या पलीकडे जाणारी युक्ती कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

पण कुठले ३१ घ्यायचे हे तुमच्या हातात आहे. आकडा यंत्रानं काढला असेल तर कुठलेही घ्या, फरक नाही. माणसानं मनात धरला असेल तर माणसाच्या सवयींचा विचार करा. माझ्या वहीत १, १००, ५० आणि शून्यानं संपणारे आकडे अगदी क्वचित दिसतात. लोकांना ते ‘पटकन ओळखू येतील’ असे वाटतात. सात आणि तीन ज्यांत आहेत असे आकडे वारंवार येतात, ३७ आणि ७३ तर खूपच. हे माझ्या घरातल्या आणि मैत्रिणींच्या डावांवरून सांगते आहे, तुमच्या माणसांची सवय वेगळी निघू शकते. म्हणून आधी त्यांचे दहा-वीस आकडे लिहून घ्या, मग आपले ३१ निवडा, ते चढत्या क्रमानं मांडा आणि त्या यादीतला मधला आकडा विचारत जा.

५. समोरच्याला तुमची पद्धत माहीत असेल तर

दादाचं गुपित कळल्यावर मी त्याला पकडायला निघाले. कुठल्या आकड्यांना सात अंदाज लागतात ते काढलं आणि रोज त्यांतलाच एक मनात धरायला लागले: ६७, १००, असेच. आठवडाभर त्याला दर वेळी सातावर नेलं. मग एक दिवस त्यानं पहिला अंदाज ४१ टाकला आणि माझी सगळी तयारी वाया गेली.

इथलं गणित मला अजूनही सुंदर वाटतं. पहिला अंदाज ५० च असला पाहिजे असं काही नाही. ३७ पासून ६४ पर्यंत कुठल्याही आकड्यानं सुरुवात करा, जास्तीत जास्त अंदाज सातच लागतात आणि सरासरीसुद्धा तीच ५.८ राहते. कारण सहा अंदाजांत ६३ आकडे हाताळता येतात. ३७ नं सुरुवात केली तर वरच्या बाजूला बरोबर ६३ उरतात, खाली ३६. ६४ नं केली तर उलट. म्हणजे २८ वेगवेगळ्या सुरुवाती आहेत आणि सगळ्या तितक्याच चांगल्या. समोरचा चतुर असेल तर दर डावाला यांतली एक चिठ्ठी टाकून निवडा. इथे नशीब मुद्दाम आपल्या बाजूनं कामाला लावायचं, म्हणजे त्याला आधीपासून सापळा लावता येत नाही.

६. उत्तरच चुकीचं मिळालं तर

लहान मुलांबरोबर खेळताना हे होणारच. सीमा एकमेकींना छेद देऊन गेल्या, म्हणजे खालची वरचीपेक्षा मोठी झाली, की मागे कुठेतरी चूक आहे. पोराला रागावण्याआधी आपली बेरीज तपासा. ती बरोबर असेल तर शेवटचे दोन-तीन प्रश्न पुन्हा विचारा.

गणितज्ञांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतलेला आहे. एक ते दहा लाखमधला आकडा ‘हो-नाही’च्या प्रश्नांनी शोधायचा, पण समोरच्याला एकदा खोटं बोलायची मुभा आहे, तर किती प्रश्न लागतील? स्तानिस्लाव उलाम यांनी हे १९७६ साली विचारलं आणि १९८७ साली पेल्क या गणितज्ञानं उत्तर दिलं: २५. खरं बोलणाऱ्याला २० पुरतात, एका खोट्याची किंमत फक्त पाच प्रश्न. मला ती याहून फार जास्त असेल असं वाटायचं.

७. दोघं मिळून एकच आकडा शोधत असाल तर

तिसऱ्या कुणी आकडा धरला आहे, तुम्ही दोघं आळीपाळीनं अंदाज सांगता, उत्तर दोघांनाही ऐकू जातं, आणि ज्याला लागेल तो जिंकला. इथे निम्मे करण्याची सवय अंगाशी येते.

समजा ४१, ४२, ४३ एवढेच उरले आणि पाळी तुमची आहे. सवयीनं ४२ म्हणाल. तो नसला तर ‘वर’ की ‘खाली’ हे ऐकताच समोरच्याला आकडा नक्की कळतो. म्हणजे जिंकण्याची शक्यता तीनात एक. त्याऐवजी कडेचा ४१ म्हणा. तो लागला तर उत्तमच. नाही लागला तर समोरच्यापुढे दोन उरतात, त्याचा अंदाज निम्म्या वेळा चुकेल आणि मग आकडा तुमचा. ही शक्यता तीनात दोन होते, म्हणजे बरोबर दुप्पट. जे उत्तर तुमच्याइतकंच समोरच्यालाही मिळतं, ते त्याच्या पाळीआधी जितकं कमी सांगेल तितकं बरं.

८. चार अंकी आकड्याचा खेळ

काही जण याला बुल्स अँड काऊज म्हणतात. चार वेगवेगळे अंक मनात धरायचे. अंक बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर ‘बुल’, अंक आहे पण जागा चुकीची तर ‘काऊ’. सुरुवातीला शून्य चालतो असं धरलं तर ५०४० शक्यता आहेत. आधी हे ठरवा, आणि एकच अंक दोनदा येऊ शकतो का तेही.

नवखे इथे एका उत्तरानं हिरमुसतात: १२३४ विचारलं आणि ‘एकही नाही’ आलं. मी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं होतं. प्रत्यक्षात हे फार चांगलं उत्तर आहे. चार अंक कायमचे बाद झाले, उरलेल्या सहा अंकांतून फक्त ३६० आकडे बनतात. ५०४० वरून ३६०, म्हणजे एका अंदाजात चौदावा हिस्सा. याउलट ‘एक काऊ’ आलं की लोक खूश होतात, आणि त्यात १४४० शक्यता उरतात.

पुढचा अंदाज कसा घ्यायचा? नियम एकच: आतापर्यंतच्या प्रत्येक उत्तराशी जुळेल असाच आकडा विचारा. प्रत्येक नवा अंदाज म्हणण्याआधी कागदावरच्या जुन्या ओळींशी ताडून बघा, की ‘हा जर खरा आकडा असता तर मला तेव्हा हेच उत्तर मिळालं असतं का?’ नसतं, तर तो अंदाज बाद. चुका जवळजवळ नेहमी हे ताडणं टाळल्यामुळे होतात. सर्वोत्तम पद्धतीनं कुठलाही आकडा सात अंदाजांत सापडतो, सरासरी ५.२ च्या आसपास. १९७० साली मोर्डेकाय मायरोविट्झ यांनी बनवलेला मास्टरमाइंड हा खेळ याचाच रंगीत भाऊ, त्यात अंकांऐवजी रंग ओळखायचे. त्यात १२९६ शक्यता असतात आणि १९७७ साली डोनाल्ड कनूथ यांनी पाच अंदाजांत कुठलीही जुळणी सापडते हे दाखवलं.

९. सगळ्यांचा अंदाज ओळखायचा असेल तर

प्रत्येकानं ० ते १०० मधला आकडा लिहायचा आणि सगळ्यांच्या सरासरीच्या दोन तृतीयांशाजवळ ज्याचा आकडा असेल तो जिंकला. निव्वळ तर्क लावत गेलं तर उत्तर शून्य येतं: सगळ्यांनी १०० लिहिले तरी ६७ च्या वर जिंकता येत नाही, मग ६७ च्या वर कोण लिहील, मग ४५ च्या वर कोण लिहील, असं करत करत खाली. पण शून्य लिहिणारा सहसा हरतो. २००५ साली डेन्मार्कच्या पोलिटिकेन या वृत्तपत्रानं हा खेळ घेतला, १९,१९६ लोकांनी भाग घेतला आणि जिंकणारा आकडा २१.६ ठरला. इथे समोरचे किती पायऱ्या विचार करतील त्याच्या फक्त एक पायरी पुढे राहा. अनोळखी लोकांत मी २० च्या आसपास लिहिते, आणि त्याच गटात पुन्हा खेळ झाला तर १० च्या खाली.

१०. उत्तर न देणाऱ्या खेळांपासून पैसे दूर ठेवा

लॉटरी, रूलेट (लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चाकावर चेंडू कुठे थांबेल यावरचा जुगार), ‘आजचा आकडा ओळखा’ असले सगळे इथे येतात. मागच्या निकालांचे तक्ते, ‘बरेच दिवस न आलेले’ आकडे, पक्क्या सूत्रांची जाहिरात, हे सगळं मी तपासून बघितलं आहे, स्वतःचे पैसे घालून. आधीचे निकाल पुढच्या निकालाबद्दल काहीही सांगत नाहीत. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या एका रूलेट टेबलावर लागोपाठ २६ वेळा काळा आला. ‘आता तरी लाल येणारच’ म्हणून लोक रक्कम वाढवत गेले आणि बुडाले. चेंडूला मागचं काही आठवत नसतं.

हरलं की रक्कम दुप्पट करत जायची, ही युक्ती नवख्याला सगळ्यात आधी सांगितली जाते आणि तीच सगळ्यात घातक. एकापासून सुरुवात करून लागोपाठ दहा वेळा हरलात तर १०२३ गेलेले असतात, आणि अकराव्याला जिंकलात तरी हाती येतो फक्त एक. शिवाय ३७ घरांच्या रूलेटवर आकडा लागला तर लावलेली रक्कम परत आणि वर ३५ पट मिळतात, म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरातले सरासरी २.७ टेबलाचेच. ४९ मधून ६ आकड्यांच्या लॉटरीत १,३९,८३,८१६ जुळण्या असतात आणि तुमच्या लाडक्या जुळणीचा वाटा त्यातल्या एकाइतकाच. बक्षीस वाटून मिळत असेल तर ३१ च्या वरचे आकडे घेण्यात थोडा अर्थ आहे, कारण पुष्कळ लोक जन्मतारखा लावतात आणि वाटेकरी कमी होतात. शक्यता मात्र तेवढीच राहते.

११. वही उघडा

आता सुरुवातीची वही. एक ते शंभरचे वीस डाव खेळा आणि प्रत्येकाला किती अंदाज लागले ते लिहा. एकदोन डावांवरून काहीच कळत नाही, तिथे नशीबच बोलतं. वीस डावांची सरासरी सहाच्या आसपास आली तर तुमची पद्धत बसली. साडेसातच्या आसपास रेंगाळली तर सीमा नीट लिहिता आहात, मध्य काढायचा कंटाळा करता आहात. एखाद्या डावाला दहा-बारा लागलेले दिसले तर त्या डावाचा कागद काढून बघा. भाचीच्या कागदावर मागच्या आठवड्यात असाच एक डाव निघाला: चौथ्या ओळीत वरची सीमा ८० लिहिलेली आणि सातव्या ओळीत विचारलेला आकडा ८३. तिनं स्वतःच त्याला लाल गोल केला आणि पुढचा डाव लावायला मला चिठ्ठी दिली.